इंग्रजीतले ‘अस्मादिक’

पत्र थोडक्यात असं आहे. इंदूरचे एक वाचक, वय ४८. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, शाळा बारावीपर्यंत हिंदी माध्यमाची. सांवेर रोडवर यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात एकवीस वर्षं नोकरी. हिशेबाच्या टेबलापासून सुरुवात केली, आता निर्यातीचा सगळा पत्रव्यवहार बघतात. गेल्या महिन्यात एका जर्मन ग्राहकाबरोबर व्हिडिओ मीटिंग होती. ह्यांनी ‘मायसेल्फ अमुक अमुक, फ्रॉम इंडोर’ अशी सुरुवात केली आणि खोलीतली दोन तरुण मुलं एकमेकांकडे बघून हसली. त्या दिवसापासून हे मीटिंगमध्ये तोंड उघडत नाहीत, हाताखालच्या मुलीला पुढे करतात. ती मुलगी त्यांच्या मेलमधला ‘मायसेल्फ’ हल्ली काही न बोलता खोडते, तेही लागतं. ते लिहितात, ‘इंग्रजीत आय किंवा मी लिहिताना मला उद्धट वाटतं. इंग्रज तर आय नेहमी मोठ्या अक्षरात लिहितात, केवढी ही मिजास! मायसेल्फमध्ये नम्रता आहे असं मी वीस वर्षं समजत आलो.’ आता तीन महिन्यांचा, १८,००० रुपयांचा इंग्रजीचा क्लास लावावा, की या वयात नाद सोडून द्यावा, हा त्यांचा प्रश्न. सोबत नमुन्यादाखल काही मेल जोडलेत, आणि नव्या घराच्या वास्तुशांतीच्या इंग्रजी पत्रिकेचा मजकूरही. तो छापायला देऊ का, असं शेवटी विचारलंय.

नमस्कार.

आधी मला सांगा, हसलं कोण? तुमच्या पत्रात हसणारे दोघं आहेत आणि दोघंही तुमच्याच खोलीतले. पडद्यावरचा माणूस हसल्याचं तुम्ही कुठेही लिहिलेलं नाही. उलट त्याने दुसऱ्या दिवशी पाठवलेला मेल तुम्ही जोडलाय. त्यातलं पहिलंच वाक्य तुम्ही नीट वाचलंत का? ‘आय रिमेंबर मी व्हेरी वेल ॲट अवर टॉक.’ हे इंग्रजी नाही. हे जर्मन आहे, इंग्रजी कोट घातलेलं. जर्मन माणूस ‘मला आठवतं’ म्हणताना ‘मी मला आठवण करून देतो’ अशा धाटणीचं वाक्य बोलतो, आणि त्याच्या भाषेत ‘मला’ आणि ‘स्वतःला’ या दोन्हींसाठी शब्द एकच, ‘मिश’. त्यामुळे इंग्रजीत कुठे काय लावायचं यावर तोही अडखळतो. त्याची चूक तुम्हाला दिसलीच नाही. त्याला तुमची दिसली असेल असं का धरून चालता?

‘मायसेल्फ’वर हसणं हा आपला खास देशी खेळ आहे. परदेशी माणसाला ते जरा वेगळं वाटतं, इतकंच. आपल्याकडे मात्र त्या एका शब्दावरून समोरच्याची शाळा, माध्यम आणि बापाची ऐपत मोजली जाते. त्या मुलांना व्याकरण तुमच्यापेक्षा फार जास्त येतं असं मी समजत नाही. पैज लावते, ‘वुइ एन्जॉइड अ लॉट’ ती दोघं रोज म्हणत असतील. ते कसं चुकतं, ते पुढे येईलच.

तरीही शब्द चुकला होता, हे खरं. तो का चुकतो ते मला तुमच्याशी जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण तुमच्या पत्रातलं ‘नम्रता’ हे कारण मला फार महत्त्वाचं वाटलं. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवताना मी हा शब्द हजारो वह्यांत लाल केला. पण तो कुठून येतो हे कुणा मुलाला विचारलं नाही, याची आता खंत वाटते.

आपल्याकडे ‘मी’ हा शब्द जपून वापरायचा असतो. मीमी करणारा माणूस कुणालाच आवडत नाही, ‘मीपणा’ हा तर दुर्गुणच. म्हणून आपण आडवळणं शोधली. थट्टेत का होईना, ‘अस्मादिक’ म्हणतो. जुन्या अर्जांत माणूस स्वतःला ‘आज्ञाधारक’ म्हणून घ्यायचा. तुमच्या इंदूरच्या राजवाड्यापाशी कुणाला हाक मारून बघा, ‘बंदा हाजिर है भिया’ असं उत्तर येईल, आणि ‘मी करतो’ ऐवजी ‘अपन कर लेंगे’. स्वतःचा उल्लेख करायचा, पण अंग चोरून, ही आपली जुनी रीत. तुमचं ‘मायसेल्फ’ हे त्याच घरातलं आहे. ते तुमचं इंग्रजीतलं ‘अस्मादिक’ आहे. तुम्ही इंग्रजी चुकलात त्याआधी मराठी शिष्टाचार पाळलात.

अडचण अशी, की इंग्रजीत ‘आय’मध्ये मिजास नाहीच मुळी. ते मोठं अक्षर गर्वापोटी आलेलं नाही. जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘इच्’ असा काहीसा होता. पुढे शेवटचा व्यंजन गळला आणि एकटाच छोटा ‘आय’ उरला. हाताने लिहिलेल्या पोथ्यांत तो एकटा दांडा शेजारच्या अक्षरात हरवायचा, म्हणून लिहिणाऱ्यांनी त्याला उंच केला, आणि छापखाना आल्यावर ती सवय पक्की झाली. म्हणजे झाली ती नकलनवीसाची सोय. इंग्रजीत नम्रता दाखवायच्या जागा वेगळ्या आहेत. ‘सेंड’ऐवजी ‘कुड यू सेंड’ म्हणण्यात ती आहे. दोघांची नावं घेताना आपलं नाव शेवटी ठेवण्यात ती आहे: ‘माय वाइफ अँड आय’. ‘आय’च्या जागी ‘मायसेल्फ’ ठेवल्याने नम्रता वाढत नाही, वाक्य फक्त जड होतं.

गंमत म्हणजे हा मोह एकट्या आपल्याला नाही. ब्रिटनमध्ये फोनवर बोलणारे कस्टमर केअरवालेही ‘आय विल सेंड इट टु युअरसेल्फ’ म्हणतात आणि तिथले व्याकरणप्रेमी कपाळावर हात मारतात. ‘यू’ फार रोखठोक वाटतो, म्हणून ‘युअरसेल्फ’. नेमकं तुमचंच कारण. इंग्रजीतल्या मोठमोठ्या लेखकांच्या जुन्या पत्रांतही ‘माय वाइफ अँड मायसेल्फ’ अशी वाक्यं सापडतात. त्यामुळे हे पाप वगैरे नाही. पण आज कामाच्या मेलमध्ये ते खटकतं, आणि तुम्हाला खटकू द्यायचं नाहीये, तेव्हा सरळ करून टाकू.

आता मूळ नियम. तो एका मराठी वाक्यात मावतो. करणारा आणि ज्याच्यावर ते केलं जातं तो एकच असेल, तर ‘सेल्फ’. ‘आय सॉ मायसेल्फ इन द मिरर’: बघणाराही मी, दिसलेलाही मी. ‘प्लीज कॉन्टॅक्ट मायसेल्फ’ यात संपर्क करणार तो जर्मन आणि ज्याच्याशी करणार ते तुम्ही. माणसं दोन झाली, म्हणून ‘मी’. इथे एक देवनागरी गोंधळ आहे, त्याने माझे कित्येक विद्यार्थी पडले. त्यांचा ‘मी’ आणि आपला ‘मी’ कानाला सारखेच लागतात आणि कामाला नेमके उलटे आहेत. आपला ‘मी’ काम करणारा. त्यांचा ‘मी’ म्हणजे आपला ‘मला’. ‘कॉन्टॅक्ट मी’ हे ‘मला फोन करा’ इतकंच साधं आहे. ‘मला फोन करा’ म्हणताना कधी उद्धट वाटलंय तुम्हाला?

तुमच्या मेलमध्ये चूक बहुतेक वेळा दोन नावं आली की होते. ‘प्लीज कॉन्टॅक्ट मिस अमुक ऑर मायसेल्फ.’ त्या मिसला क्षणभर खोलीबाहेर पाठवा आणि उरलेलं वाक्य वाचा. ‘प्लीज कॉन्टॅक्ट मायसेल्फ’ तुम्हालाच विचित्र वाटेल, ‘प्लीज कॉन्टॅक्ट मी’ वाटणार नाही. मग तिला परत आत बोलवा: ‘मिस अमुक ऑर मी’. तुमचं दुसरं वाक्य, ‘मायसेल्फ विल सेंड द ड्रॉइंग टुमॉरो’. इथे तर वाक्याला कर्ताच नाही, ‘स्वतःला उद्या ड्रॉइंग पाठवील’ म्हटल्यासारखं. ‘आय विल सेंड’ म्हणा आणि मोकळे व्हा.

तिसरं वाक्य मात्र खोडायचं नाही. ‘आय मायसेल्फ चेक्ड द पॅकिंग.’ हे अगदी बरोबर आहे, आणि तुमच्या हाताखालच्या मुलीने ते खोडलं असेल तर चूक तिची. हा ‘मायसेल्फ’ म्हणजे आपला ‘खुद्द’. खुद्द मालक आले, खुद्द मी तपासलं. इंग्रजीत ‘सेल्फ’चं हे काम जास्त जुनं आहे. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘त्याने त्याला मारलं’ म्हटलं की दुसऱ्याला की स्वतःला, हे कळायचं नाही. दोन्हीकडे शब्द एकच, आजच्या ‘हिम’च्या जागचा. मग जोर द्यायला जवळ असलेला हा ‘खुद्द’ त्या ‘हिम’ला चिकटवायला लागले आणि हळूहळू ‘हिमसेल्फ’ हा ‘स्वतःला’ झाला. म्हणून आजही एकच शब्द दोन्ही कामं करतो. आपल्याकडे ‘खुद्द’ वेगळा, ‘स्वतःला’ वेगळा, चैन आहे. आणि तर्क शोधायला जाऊ नका: ‘मायसेल्फ’मध्ये ‘माझा’ आणि ‘हिमसेल्फ’मध्ये ‘त्याला’ का, याचं सरळ उत्तर नाही. इंग्लंड-अमेरिकेच्या गावाकडे लोक ‘हिजसेल्फ’ म्हणतातच, आणि तर्काला धरून तेच जास्त शहाणं आहे. आयर्लंडमध्ये तर घरधन्याला नुसतं ‘हिमसेल्फ’ म्हणायची पद्धत आहे, ‘हिमसेल्फ घरात आहे का?’ आमची आजी आजोबांना ‘स्वारी’ म्हणायची, त्याची मला फार आठवण होते.

‘मायसेल्फ’चा उगम आणखी एका ठिकाणी असावा असा माझा संशय आहे. पहिली-दुसरीत आपल्या प्रत्येक मुलाकडून दहा ओळींचा निबंध पाठ करून घेतात, त्याचं शीर्षक ‘मायसेल्फ’. स्वतःविषयी बोलायचं म्हणजे आधी तो शब्द, हे तिथे डोक्यात बसतं. शिवाय बँकेत चेक ‘सेल्फ’चा, कागदपत्रं ‘सेल्फ अटेस्टेड’. म्हणजे ‘सेल्फ’ हा आपल्यासाठी सरकारी, प्रतिष्ठित शब्द. त्याच्यापुढे बिचारा ‘मी’ किरकोळ वाटणारच.

इथवर ‘मायसेल्फ’ जास्त झाल्याचं बोललो. आपण मराठी माणसं तो गाळतोही, आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही, म्हणून कुणी हसतही नाही. चहा सांडला तर आपण म्हणतो ‘मला भाजलं’. पडलो तर ‘मला लागलं’. भाजी चिरताना ‘बोट कापलं’. बघा, आपल्या वाक्यात दोषी कुणीच नाही. भाजणं आपलं आपण येऊन गेलं. इंग्रजी तसं सोडत नाही. ‘आय बर्न्ट मायसेल्फ’, ‘आय हर्ट मायसेल्फ’, ‘आय कट मायसेल्फ’: केलंस तूच, झालं तुलाच. इथे ‘मायसेल्फ’ हवाच. तुमच्या कारखान्यात अपघाताची नोंद इंग्रजीत लिहावी लागत असेल तर हे लक्षात ठेवा. ‘द वर्कर कट हिम’ लिहिलंत तर कामगाराने दुसऱ्याच कुणाला कापलं असा अर्थ होईल, आणि प्रकरण पोलिसांत जाईल!

उलट आंघोळ, दाढी, कपडे घालणं यांना इंग्रजी सहसा ‘सेल्फ’ लावत नाही. ‘आय शेव्ह्ड’, ‘आय गॉट ड्रेस्ड’, पुरे. ‘रिलॅक्स’ आणि ‘कॉन्सन्ट्रेट’लाही नको. ‘एन्जॉय’ला मात्र कशाचा आनंद घेतला ते सांगावं लागतं: ‘वुइ एन्जॉइड द डिनर’, किंवा मग ‘वुइ एन्जॉइड अवरसेल्व्ज’. ‘वुइ एन्जॉइड अ लॉट’ अर्धवट राहतं. त्या हसऱ्या मुलांना हे सांगायचं की नाही, ते तुमच्यावर सोडते. ‘अव्हेल’चीही तीच गत, त्यालाही ‘सेल्फ’ लागतो. आपल्या जाहिरातींत ‘अव्हेल द ऑफर’ असतं, आणि भारतात ते इतकं रुळलंय की मी त्याच्याशी भांडण सोडून दिलं. बाहेरच्या ग्राहकाला लिहिताना सरळ ‘यूज’ लिहा.

तुमच्या चौथ्या मेलमध्ये एक गोड चूक आहे. एका वयस्कर गृहस्थांना तुम्ही ‘युअरसेल्व्ज’ लिहिलंय. एकटा माणूस, पण आदरार्थी बहुवचन! आपण ‘आजोबा स्वतः आले’ म्हणतो, तसं. इंग्रजीत ‘यू’ एकालाही तोच आणि दहांनाही तोच. फरक उरलाय तो फक्त इथे: एकाला ‘युअरसेल्फ’, अनेकांना ‘युअरसेल्व्ज’. त्यात मान-अपमान काही नाही, फक्त डोकी मोजायची.

आणखी एक, आमच्या ‘आपण’पायी होणारी. ‘तो म्हणाला की आपण येणार नाही’ हे आपल्याकडे चालतं. आपला ‘आपण’ दूरच्या वाक्यातल्या माणसापर्यंत हात पोचवतो, ‘स्वतः’ जवळच्यापुरता. काशी वाली यांच्यासारख्या भाषाशास्त्रज्ञांनी मराठीच्या या जोडीचा बारकाईने अभ्यास केलाय. इंग्रजीच्या ‘सेल्फ’चे हात आखूड आहेत. तिथे ‘ही सेड ही वोन्ट कम’, ‘हिमसेल्फ वोन्ट कम’ नव्हे. भांडणाच्या मेलमध्ये एक जपा: ‘दे ब्लेम्ड देमसेल्व्ज’ म्हणजे दोघांनी आपापला दोष कबूल केला, ‘दे ब्लेम्ड ईच अदर’ म्हणजे एकमेकांवर ढकलला. माल उशिरा पोचला तर या दोन वाक्यांमध्ये दंडाच्या रकमेचा फरक पडू शकतो.

आता क्लास. माझं मत, लावू नका. या एका शब्दासाठी तर नाहीच. तीन महिने संध्याकाळी तिथे जाल, आणि ते पुन्हा ‘ए फॉर ॲपल’पासून सुरू करतील. तुमचं बाकीचं इंग्रजी मी वाचलंय. माल, दर, तारखा, अटी यांत कुठेही संदिग्धता नाही. असं लिहिणं पुष्कळ इंग्रजी माध्यमवाल्यांना जमत नाही. त्यापेक्षा एखाद्या रविवारी, पोहे-जलेबी झाल्यावर, पाठवलेल्या मेलच्या पेटीत ‘मायसेल्फ’ हा शब्द शोधा. येतील तेवढे सगळे बघा आणि प्रत्येकाला एकच विचारा: करणारा आणि भोगणारा एकच आहे का? नसेल, तर मी ‘खुद्द’ म्हणतोय का? दोन्हींचं उत्तर नाही आलं, तर तो बदला. पन्नासेक वाक्यं झाली की हात आपोआप थांबेल. अशाच अडचणीतल्या इतर वाचकांनीही हे करून बघावं. दुसऱ्याच्या पुस्तकातली रिकामी जागा भरण्यापेक्षा स्वतःची वाक्यं दुरुस्त केलेली जास्त टिकतात.

हाताखालच्या मुलीविषयी. ती न सांगता खोडते याचा तुम्ही अपमान धरलाय. मला वाटतं, ती घाबरत असावी. दुप्पट वयाच्या सरांना ‘तुमचं चुकलं’ कसं म्हणायचं? तुम्हीच एकदा तिला म्हणा, ‘बेटा, बदल जरूर कर, पण रंगात करून मला दाखव.’ आणि ‘आय मायसेल्फ चेक्ड’वाला मेल तिने खोडला असेल, तर तो परत लिहायला सांगा, कारणासकट.

मीटिंगला तिला पुढे करणं थांबवा. एकवीस वर्षांचा माल तुम्हाला माहीत आहे, तिला नाही. ओळख करून देताना तुमचा लाडका शब्द सोडायचीही गरज नाही, त्याला त्याच्या हक्काच्या खुर्चीत बसवा: ‘लेट मी इंट्रोड्यूस मायसेल्फ. आय ॲम अमुक, फ्रॉम इंडोर.’ ओळख करून देणारे तुम्ही, जिची करून दिली ती व्यक्तीही तुम्हीच. शंभर टक्के बरोबर. दोन्ही ‘मी’ जागच्या जागी.

राहिली पत्रिका. ‘मायसेल्फ अँड माय वाइफ कॉर्डियली इन्व्हाइट यू विथ युअर फॅमिली’ याऐवजी ‘माय वाइफ अँड आय कॉर्डियली इन्व्हाइट यू अँड युअर फॅमिली’ करा. वहिनींचं नाव आधी, तुमचं नंतर, आणि नम्रता हवी होती ती मिळाली. नातलगांसाठी मराठी पत्रिका वेगळी काढणार असाल तर ‘आम्ही उभयता’ लिहा. असा शब्द इंग्रजीकडे नाही. आणि छापायला देण्याआधी कॅलेंडर काढून बसा. मजकुरात तुम्ही ‘संडे’ लिहिलंय, त्या तारखेला शनिवार येतोय.